नवा संगणक घेतल्यावर रेस्टिकचा जुना बॅकअप तसाच पुढे चालू ठेवता येतो का?

प्रश्न: जुळारी_सांगली

सर्वांना नमस्कार.

मी सांगलीत अक्षरजुळणी आणि पुस्तकांची मांडणी करून देण्याचा छोटा व्यवसाय करतो. गेल्या चौदा वर्षांतले सगळे काम, म्हणजे पेजमेकरच्या जुन्या फाइल्स, नंतरच्या इनडिझाइनच्या फाइल्स, छापखान्यात गेलेल्या पीडीएफ आणि दिवाळी अंकांसाठी स्कॅन केलेली चित्रे, एकाच संगणकावर होते. तो विंडोज 10 वर चालत असे. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि त्या यंत्रात विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 या सुरक्षा चिपची सोय नव्हती, त्यामुळे नाइलाजाने नवा संगणक घ्यावा लागला.

बॅकअपसाठी मी 2021 पासून रेस्टिक हा प्रोग्रॅम वापरत आहे. एक प्रत 2 टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाते आणि दुसरी बॅकब्लेझ बी2 या ऑनलाइन साठवण सेवेवर. रोज रात्री एक बॅच फाइल चालते. ती डी ड्राइव्हवरच्या ‘काम’ आणि ‘छायाचित्रे’ या दोन फोल्डरांचे वेगवेगळे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, घेते आणि नंतर जुने स्नॅपशॉट यादीतून काढणारी ‘फर्गेट’ कमांड चालवून रोजचे 7, आठवड्याचे 5 आणि महिन्याचे 24 स्नॅपशॉट ठेवते. एकूण माल 640 जीबी आणि फाइल्स सुमारे 4 लाख.

नव्या संगणकावर सर्व फाइल्स एका पोर्टेबल डिस्कवरून उतरवून घेतल्या. तिथल्या दुसऱ्या ड्राइव्हला विंडोजने ई हे अक्षर दिले आहे. रेस्टिक बसवले, पासवर्ड टाकला, जुन्या स्नॅपशॉटांची पूर्ण यादी दिसली आणि जीव भांड्यात पडला. त्यानंतर बाहेरच्या डिस्कवर बॅकअप सुरू केला, तर पहिल्याच ओळीत ‘आधीचा स्नॅपशॉट सापडला नाही, सर्व फाइल्स वाचल्या जातील’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला आणि टक्केवारी शून्यापासून 640 जीबीकडे सरकू लागली. घाबरून मी कंट्रोल-सी दाबून ते थांबवले.

बाहेरच्या डिस्कवर आता जेमतेम 450 जीबी जागा शिल्लक आहे. घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग 20 एमबीपीएस आहे, म्हणजे बी2 वर सगळे पुन्हा पाठवायचे ठरले तर अखंड तीन दिवस लागतील. सगळे खरोखरच दुसऱ्यांदा साठवले जाणार आहे का? मध्येच थांबवल्यामुळे जुन्या बॅकअपला काही इजा झाली असेल का? की जुनी रिपॉझिटरी, म्हणजे रेस्टिकचे बॅकअपचे कोठार, पुसून नव्याने सुरुवात करणेच बरे? बॅच फाइलमधली ‘फर्गेट’ नव्या संगणकावर चालली तर जुने स्नॅपशॉट उडतील का, हीदेखील भीती आहे.

उत्तर: दप्तरदार

नमस्कार. सर्वात आधी एक विनंती: जुनी रिपॉझिटरी पुसू नका. आपल्या चारही प्रश्नांची उत्तरे दिलासा देणारी आहेत.

त्या संदेशात ‘वाचल्या जातील’ असे म्हटले आहे, ‘साठवल्या जातील’ असे नाही. या दोन क्रियांमधला फरक लक्षात आला की निम्मी काळजी मिटते. रेस्टिक प्रत्येक फाइलचे तिच्या आशयावरून तुकडे पाडते. हे तुकडे 512 केबी ते 8 एमबी या मर्यादेत, सरासरीने सुमारे 1 एमबीचे असतात. प्रत्येक तुकड्याची एसएचए-256 पद्धतीने ओळख काढली जाते आणि त्या ओळखीचा तुकडा रिपॉझिटरीत आधीपासून असेल तर तो पुन्हा लिहिला जात नाही. फाइल कोणत्या संगणकावरून आली, तिचा ड्राइव्ह डी होता की ई, ती कोणाच्या खात्यात होती, यांपैकी कशाचाही त्या ओळखीशी संबंध नसतो. त्यामुळे आपल्या 640 जीबीपैकी जवळपास सगळे तुकडे ‘हे आधीच आहे’ असे म्हणून बाजूला ठेवले जातील. टक्केवारी दाखवणारी पट्टी वाचनाची प्रगती दाखवते, अपलोडची नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

मग ‘आधीचा स्नॅपशॉट’ कशासाठी शोधला जातो? केवळ वेळ वाचवण्यासाठी. प्रत्येक स्नॅपशॉटवर संगणकाचे नाव आणि बॅकअप घेतलेला पत्ता यांची नोंद असते. त्याच नावाचा आणि त्याच पत्त्याचा शेवटचा स्नॅपशॉट सापडला, तर न बदललेल्या फाइल्स उघडून वाचण्याची गरज उरत नाही. आपल्याकडे संगणकाचे नावही बदलले आणि डीचा ई झाला, त्यामुळे जुळणारा स्नॅपशॉट सापडला नाही, एवढेच घडले आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर बॅकअपची कमांड ‘ड्राय-रन’ या पर्यायासह चालवा. तेव्हा रेस्टिक सर्व फाइल्स वाचते, तुकडे पाडते, पण रिपॉझिटरीत काहीही लिहीत नाही, आणि शेवटी प्रत्यक्षात किती नवा माल जमा झाला असता तो आकडा सांगते. फोल्डरांची रचना, तारखा, परवानग्या अशी माहिती नव्याने लिहावी लागते. ती 4 लाख फाइल्ससाठी काही शे एमबीपर्यंत जाऊ शकते. त्याहून बराच मोठा आकडा आला तर त्यामागे काहीतरी कारण आहे असे समजून आधी ते शोधावे.

मध्येच थांबवल्याने जुन्या स्नॅपशॉटांना धक्का लागत नाही. जे तुकडे लिहून झाले ते रिपॉझिटरीत राहतात आणि त्यांपैकी बरेचसे पुढच्या वेळी उपयोगी पडतात. कंट्रोल-सी दाबल्यावर रेस्टिक रिपॉझिटरीवर लावलेले स्वतःचे कुलूप, म्हणजे ‘काम चालू आहे’ अशी खूण, काढून बाहेर पडते. मात्र मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर कुलूप तसेच राहते. त्याच संगणकावर लावलेले कुलूप असेल तर ती प्रक्रिया आता चालू नाही हे रेस्टिकला तपासता येते, पण दुसऱ्या संगणकाने लावलेल्या कुलपाबद्दल ते कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून ते 30 मिनिटे जुने झाल्यावरच शिळे मानले जाते. ‘अनलॉक’ ही कमांड शिळी कुलपेच काढते, त्यामुळे ती चालवायला घाबरू नये.

पुढची सोय म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन नव्या ड्राइव्हचे अक्षर ईऐवजी डी करा, म्हणजे सर्व पत्ते पूर्वीसारखे होतील आणि इनडिझाइनमधल्या चित्रांचे दुवेही तुटणार नाहीत. आणि बॅच फाइलमधल्या बॅकअपच्या ओळीत ‘होस्ट’ हा पर्याय वापरून जुन्या संगणकाचेच नाव द्या. मग रेस्टिकच्या दृष्टीने संगणक बदललेलाच नाही. जुने स्नॅपशॉट आणि नवे स्नॅपशॉट एकाच मालिकेत येतील, ‘फर्गेट’चे नियमही पूर्वीसारखेच लागू होतील.

उत्तर: वाळवी_प्रतिबंधक

दप्तरदारांनी तुकड्यांबद्दल सांगितलेले सगळे अगदी बरोबर आहे, पण शेवटच्या परिच्छेदातला सल्ला लगेच अमलात आणू नये असे मला वाटते. किमान पहिला बॅकअप तसा घेऊ नये.

विंडोजवर रेस्टिक एखादी फाइल बदललेली नाही हे फक्त तीन गोष्टींवरून ठरवते: पत्ता, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ. ड्राइव्हचे अक्षर डी केले आणि संगणकाचे नावही जुनेच दिले, तर आधीचा स्नॅपशॉट सापडेल, या तिन्ही गोष्टी जुळतील आणि जवळजवळ कोणतीही फाइल उघडून न पाहता काही मिनिटांत बॅकअप ‘पूर्ण’ होईल. दिसायला हे छान आहे. परंतु आपण 4 लाख फाइल्स एका पोर्टेबल डिस्कवरून, एका केबलमधून, नव्या यंत्रावर आणल्या आहेत. त्या प्रवासात एखाद्या फाइलचा मधलाच भाग बिघडला असेल आणि तिचा आकार व तारीख मात्र तीच राहिली असेल, तर रेस्टिक ती न वाचताच जुन्या स्नॅपशॉटमधले, म्हणजे चांगले, तुकडे नव्या स्नॅपशॉटला जोडून मोकळे होईल. बॅकअपमध्ये चांगली फाइल आणि संगणकावर बिघडलेली, अशी स्थिती होईल आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. एक दिवस ती फाइल उघडून आपण सेव्ह कराल, तेव्हापासून बिघडलेली प्रतच बॅकअपमध्ये जाऊ लागेल, आणि महिन्यांचे 24 स्नॅपशॉट ठेवण्याची मर्यादा उलटली की चांगली प्रत कुठेच उरणार नाही.

म्हणून आपण ज्या संदेशाला घाबरलात तो मी मुद्दाम मागून घेईन. अक्षर डी करायला हरकत नाही, पण पहिल्या बॅकअपला ‘फोर्स’ हा पर्याय द्या, म्हणजे आधीचा स्नॅपशॉट असला तरी सगळे वाचले जाईल. एसएसडीवरून 640 जीबी वाचायला फार तर काही तास लागतील. त्यानंतर ‘डिफ’ कमांडने जुन्या संगणकाचा शेवटचा स्नॅपशॉट आणि हा पहिला स्नॅपशॉट यांची तुलना करा. ज्या फाइलींचा आशय बदलला त्यांच्यापुढे इंग्रजी एम हे अक्षर येईल, नव्यांपुढे अधिकचे चिन्ह आणि नाहीशा झालेल्यांपुढे उणेचे. आपण ज्यांना हात लावलेला नाही अशा फाइलींपुढे एम दिसला तर प्रवासात काहीतरी घडले आहे. ड्राइव्हचे अक्षर ईच ठेवायचे असेल तरीही तुलना करता येते. स्नॅपशॉटच्या क्रमांकापुढे विसर्गासारखे चिन्ह देऊन आतला पत्ता लिहावा लागतो. जुन्यासाठी तो ‘/डी/काम’ आणि नव्यासाठी ‘/ई/काम’ असा असेल, अर्थात ड्राइव्हची अक्षरे इंग्रजीतच. रेस्टिक आतून विंडोजचे पत्तेही अशा पुढे झुकलेल्या रेघांनीच लिहिते.

संगणकाच्या नावाबद्दलही माझे मत वेगळे आहे. नव्या यंत्राला जुन्याचे नाव देणे म्हणजे मयताच्या नावावर सातबारा चालू ठेवण्यासारखे आहे. काम चालते, पण कधीतरी घोटाळा होतो. जुना संगणक आपण अजून बंद केलेला नसेल आणि त्याच्या टास्क शेड्युलरमधले रात्रीचे काम चालू असेल, तर दोन्ही यंत्रांचे स्नॅपशॉट एकाच नावाखाली आळीपाळीने जमा होतील. मग एखाद्या दिवशी ‘सर्वात अलीकडचा’ म्हणून जो स्नॅपशॉट परत आणाल तो जुन्या, कामातून गेलेल्या यंत्राचा निघेल. तेव्हा नाव कोणतेही ठेवा, जुन्या यंत्रावरचे ते काम आजच बंद करा. नसता आणखी एक त्रास असा की, एका यंत्राची ‘प्रून’, म्हणजे कोणत्याही स्नॅपशॉटला नको असलेला माल प्रत्यक्ष पुसणारी कमांड, चालू असताना रिपॉझिटरी पूर्ण कुलूपबंद असते आणि दुसऱ्याचा बॅकअप त्या वेळी होत नाही.

‘फर्गेट’बद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या सगळ्या प्रकारात खरोखर माल घालवू शकेल अशी हीच एक कमांड आहे. मूळ रचनेनुसार ती स्नॅपशॉटांचे गट पाडते, आणि गट पडतो संगणकाचे नाव व पत्ता यांवरून. रोजचे 7, आठवड्याचे 5 ही मोजणी प्रत्येक गटात स्वतंत्रपणे होते. त्यामुळे नव्या नावाने बॅकअप सुरू झाला की जुन्या यंत्राचे गट गोठतात. त्यांत नवी भर पडत नाही, आणि मोजणी कॅलेंडरच्या दिवसांची नसून ज्या दिवशी स्नॅपशॉट आहे अशा दिवसांची असल्यामुळे त्यांतले काही आपोआप उडतही नाही. आपल्या भीतीचे उत्तर हे: जुने स्नॅपशॉट उडणार नाहीत, उलट कायमचे राहतील आणि त्यांनी अडवलेली जागा कधीच मोकळी होणार नाही.

हे नको असेल तर ‘ग्रुप-बाय’ या पर्यायाने फक्त पत्त्यावरून गट पाडायला सांगता येते. डीचे अक्षर कायम ठेवले असेल तर जुने व नवे ‘काम’ एका गटात येतील, जुने व नवे ‘छायाचित्रे’ दुसऱ्या गटात, आणि जुने हळूहळू गळत जातील. मात्र काही ठिकाणी गट पाडूच नका, म्हणजे ‘ग्रुप-बाय’ रिकामे ठेवा, असा सल्ला दिलेला आढळतो. तो आपण चुकूनही घेऊ नका. आपण रोज रात्री दोन वेगवेगळे स्नॅपशॉट घेता. गटच नसतील तर रेस्टिक दिवसाला एक याप्रमाणे त्या रात्रीचा शेवटचा ठेवेल. बॅच फाइलमध्ये ‘छायाचित्रे’ नंतर येत असेल तर ‘काम’चे सगळे स्नॅपशॉट एका फटक्यात यादीतून जातील, आणि मागोमाग ‘प्रून’ असेल तर मालही जाईल. नुसती ‘फर्गेट’ झाली असेल आणि ‘प्रून’ व्हायची असेल, तर ‘रिकव्हर’ या कमांडने बेवारस राहिलेल्या फोल्डरांमधून एक स्नॅपशॉट पुन्हा बांधता येतो, पण तिथपर्यंत वेळ येऊ देऊ नये. ‘फर्गेट’लाही ‘ड्राय-रन’ आहे. नियम बदलल्यावर पहिल्यांदा ती तशीच चालवावी आणि काय ठेवणार, काय काढणार, ही यादी शांतपणे वाचावी.

उत्तर: दप्तरदार

‘फोर्स’चा मुद्दा मला सुचला नव्हता, तो पूर्णपणे मान्य आहे. लिनक्सवर फाइलचा आयनोड क्रमांक (डिस्कवरच्या नोंदीचा क्रमांक) आणि सीटाइमही (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) पाहिले जातात. नव्या डिस्कवर उतरवलेल्या फाइलींचे हे दोन्ही बदललेलेच असतात, त्यामुळे तिथे आधीचा स्नॅपशॉट सापडला तरी सगळे पुन्हा वाचले जाते. मी स्वतः लिनक्सवर असल्यामुळे विंडोजच्या या ढिलाईकडे माझे लक्ष गेले नाही.

नावाबद्दल मात्र एवढेच म्हणेन की, जुने यंत्र कायमचे बंद होणार असेल तर तिसराही मार्ग आहे. ‘रीराइट’ या कमांडला ‘न्यू-होस्ट’ हा पर्याय देऊन जुन्या स्नॅपशॉटांवरचे नावच बदलता येते. माल हलत नाही, फक्त वरचे लेबल बदलते. ‘फर्गेट’ हा पर्याय सोबत दिला नाही तर मूळ स्नॅपशॉटही शिल्लक राहतात आणि नव्या प्रतींवर ‘रीराइट’ असा टॅग लागतो, म्हणून आधी तसेच करून पाहावे. सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावली, असे वाळवी_प्रतिबंधक यांच्या भाषेत म्हणता येईल.

उत्तर: कऱ्हाडचा_पेंग्विन

मूळ प्रश्नाला जोडून एक अनुभव सांगतो, कारण जुळारी_सांगली यांच्या फोल्डरांची नावे देवनागरीत असणार असा माझा अंदाज आहे.

तीन वर्षांपूर्वी मी जुन्या मॅकवरून लिनक्सवर आलो आणि रेस्टिकची तीच रिपॉझिटरी पुढे चालवली. एके दिवशी जुन्या स्नॅपशॉटमधून ‘वऱ्हाड’ नावाचे फोल्डर परत आणायला गेलो, काय परत आणायचे ते सांगणाऱ्या ‘इन्क्लूड’ या पर्यायात नाव अचूक लिहिले, आणि रेस्टिकने शून्य फाइल्स परत आणल्या. नाव डोळ्यांसमोर यादीत दिसत होते. बराच वेळ मी काना, मात्रा, वेलांटी तपासत बसलो.

कारण असे निघाले की ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येते: एकसंध ‘ऱ’, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. माझ्या जुन्या मॅकची डिस्क एचएफएस प्लस या पद्धतीची होती, आणि ती पद्धत फाइलचे नाव साठवताना अशी अक्षरे सुटी करते. मी कळफलकावरून टाइप केलेले ‘ऱ’ मात्र एकसंध होते. दिसायला एकच, बाइट वेगळे, आणि रेस्टिक बाइट पाहते. ‘व*हाड’ असे मधल्या अक्षरांच्या जागी फुली घालून लिहिल्यावर काम झाले. विंडोजवरून विंडोजवर जाताना नावे बदलत नाहीत, त्यामुळे प्रश्नकर्त्यांना ही अडचण येऊ नये. पण फाइल्स मध्येच एखाद्या मॅकवरून फिरल्या असतील तर ‘डिफ’च्या यादीत एकच नाव एकदा उणे आणि एकदा अधिक असे दिसू शकेल. तेव्हा फाइल हरवली असे समजू नये. आशयाचे तुकडे तेच असल्यामुळे जागाही वाढत नाही. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, तऱ्हा, दऱ्या, अशा नावांवर नजर ठेवावी. बॅकअपमधून काही वगळण्यासाठी केलेल्या यादीलाही हेच लागू आहे.

उत्तर: सफरचंद_सोललेले

रेस्टिक न वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. मॅकवरच्या टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीत परिस्थिती उलटी असते. तिथे बॅकअप संगणकाच्या ओळखीशी बांधलेला असतो, आणि नव्या मॅकने जुना बॅकअप पुढे चालवण्यासाठी तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. मायग्रेशन असिस्टंटने टाइम मशीनच्या डिस्कवरूनच सगळे आणले तर सहसा त्याबद्दल विचारणा होते, आणि टर्मिनलमध्ये ‘टीएमयुटिल’ची ‘इनहेरिटबॅकअप’ ही कमांडही आहे. बोर्ग हा बॅकअप प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आपली किल्ली कुठे आहे ते आधी पाहावे. ‘रेपोकी’ पद्धतीत ती रिपॉझिटरीतच असते, पण ‘कीफाइल’ पद्धतीत ती जुन्या संगणकाच्या होम फोल्डरमध्ये असते आणि ती न घेता जुने यंत्र पुसले तर पासवर्ड पाठ असूनही काहीही उघडत नाही. डुप्लिकाटी या आणखी एका बॅकअप प्रोग्रॅममध्ये कामाची मांडणी एक्सपोर्ट करून नव्या यंत्रावर इम्पोर्ट करावी आणि स्थानिक डेटाबेस पुन्हा बांधून घ्यावा. मोठ्या बॅकअपसाठी त्याला बराच वेळ लागतो.

प्रश्नकर्ता: जुळारी_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस एकेक पायरी करत गेलो, त्याचा वृत्तान्त देतो.

ड्राइव्हचे अक्षर डी करून घेतले. बाहेरच्या डिस्कवर ‘फोर्स’ आणि ‘ड्राय-रन’ दोन्ही देऊन बॅकअप चालवला. त्याला अडीच तास लागले आणि नवा माल 11 जीबी जमा होईल असा आकडा आला. दप्तरदारांनी काही शे एमबी म्हटले होते, म्हणून इथे थांबलो. शोध घेतल्यावर लक्षात आले की वगळायच्या फोल्डरांची यादी असलेली मजकूर फाइल मी जुन्या संगणकावरच विसरलो होतो, आणि कमांड हाताने टाइप करताना तो पर्यायही गळला होता. पीडीएफ बनवताना तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर त्यामुळे आत येत होते. ती यादी आणून पुन्हा चालवले तेव्हा आकडा 1.6 जीबीवर आला. यात गेल्या आठवड्यात केलेले खरे काम होतेच. मग खराखुरा बॅकअप घेतला आणि दुसऱ्या रात्री बी2 वरही तेच केले. तिथे प्रत्यक्ष अपलोड पाऊण तासही चालला नाही.

त्यानंतर ‘डिफ’ केले. एम लागलेल्या फाइलींमध्ये बहुतेक माझ्या ओळखीच्या, अलीकडे हात लावलेल्या होत्या, पण तीन पीडीएफ 2017 च्या एका दिवाळी अंकाच्या निघाल्या, ज्या मी गेली कित्येक वर्षे उघडलेल्या नाहीत. उघडून पाहिल्या तर दोन उघडल्या नाहीत आणि तिसरीची शेवटची सोळा पाने कोरी होती. तिन्हींचा आकार आणि तारीख जुन्याप्रमाणेच आहे. केबल बदलून तीच पोर्टेबल डिस्क पुन्हा वाचली, तर तिच्यावरच्या प्रतीही तशाच बिघडलेल्या आहेत. म्हणजे जुन्या संगणकावरून तिच्यावर उतरवतानाच ते घडले असावे. जुन्या स्नॅपशॉटमधून तिन्ही परत आणल्या. त्या व्यवस्थित उघडतात.

संगणकाचे नाव मी नवेच ठेवले आहे आणि ‘फर्गेट’ला फक्त पत्त्यावरून गट पाडायला सांगितले आहे. ‘ड्राय-रन’ची यादी छापून काढली आणि पेन्सिलने खुणा करून वाचली, जुन्या व्यवसायाची खोड. दोन्ही फोल्डरांचे महिन्यांचे स्नॅपशॉट शाबूत आहेत.

एकच शंका उरली आहे. जुना संगणक पुतण्याला अभ्यासासाठी द्यायचा आहे. त्यावर रेस्टिकचा पासवर्ड एका मजकूर फाइलमध्ये ठेवलेला होता आणि बी2 ची किल्ली बॅच फाइलमध्ये लिहिलेली होती. फाइल्स डिलीट केल्या म्हणजे पुरे होईल का?

उत्तर: वाळवी_प्रतिबंधक

डिलीट करणे पुरेसे नाही. आधी बी2 च्या खात्यात जाऊन त्या यंत्रासाठी दिलेली ॲप्लिकेशन की रद्द करा आणि नव्या संगणकासाठी वेगळी काढा. हे पाच मिनिटांचे काम सर्वात महत्त्वाचे आहे, कारण रिपॉझिटरीपर्यंत पोहोचताच आले नाही तर पासवर्ड कळूनही उपयोग नाही. नंतर रेस्टिकमध्ये ‘की ॲड’ने नवा पासवर्ड जोडा, त्याने रिपॉझिटरी उघडते याची खात्री करा आणि मगच ‘की रिमूव्ह’ने जुना काढा. क्रम उलटा करू नका. ‘की लिस्ट’मध्ये प्रत्येक किल्ली कोणत्या संगणकावर आणि कधी तयार झाली ते दिसते, त्यामुळे जुनी ओळखायला अडचण येणार नाही. एवढे ध्यानात असू द्या की यामुळे आतली मुख्य किल्ली बदलत नाही. जुन्या किल्लीच्या फाइलची प्रत आणि जुना पासवर्ड हे दोन्ही कोणाकडे असतील तर त्याला ती मुख्य किल्ली काढता येते. म्हणून बाहेरच्या डिस्कची प्रत जुन्या यंत्रावर कधी ठेवली होती का, तेही आठवून पाहा. दोन्ही रिपॉझिटरी स्वतंत्र असल्यामुळे पासवर्डचे हे काम दोनदा करावे लागेल.

जुन्या संगणकावर विंडोज रीसेट करताना सर्व काही काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा, असे दोन्ही पर्याय निवडा. त्याआधी मात्र विंडोजच्या फाँट फोल्डरमधले फाँट घेतले का ते पाहा. आपल्या पेजमेकरच्या फाइल्स युनिकोडच्या आधीच्या फाँटांत असतील, आणि ते फाँट डी ड्राइव्हवरच्या दोन फोल्डरांच्या बॅकअपमध्ये कधीच आलेले नसणार.

प्रश्नकर्ता: जुळारी_सांगली

नव्हते घेतले. आत्ता जुना संगणक पुन्हा जोडला आणि 212 फाँट काढून ‘काम’मध्ये वेगळे फोल्डर करून ठेवले. पुतण्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितले आहे.